मनातल्या मनात कोणती भाषा?



गेल्या महिन्यात एका रविवारी मराठी मिस्सा आटोपल्यावर मी धर्मशिक्षण वर्गाची पुस्तके कपाटात लावत होते. तेवढ्यात आमच्याच पॅरिशमधल्या एक बाई आल्या आणि काही न बोलता बाकावर बसून राहिल्या. त्यांचा मुलगा वर्षभरापूर्वी शिकायला जर्मनीला गेला आहे. सगळे ठीक आहे ना, असे मी विचारले आणि त्यांचे डोळे भरून आले. आदल्या रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलाला नेहमीचा प्रश्न विचारला होता, झोपताना प्रार्थना करतोस ना? तो म्हणाला, "करतो ना आई. पण आता मराठीत येतच नाही. मनात सगळं इंग्लिशमध्येच चालतं. मी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं."

बाई मला म्हणाल्या, "ताई, बाहेर बोलायला इंग्लिश लागणार हे मला ठाऊक होतं. पण मनातल्या मनातसुद्धा? 'आमच्या बापा' मी त्याला मांडीवर घेऊन शिकवलं होतं. तेच गेलं, तर आमचं म्हणून काय उरलं त्याच्याजवळ?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. "देवाला सगळ्या भाषा कळतात," एवढेच म्हणाले. ते खरे असले तरी त्या आईच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. देवाला कळते की नाही, अशी तिला शंका नव्हतीच. आपल्या मुलाचा आतला माणूस कोणत्या घरात राहायला गेला, हे तिला समजून घ्यायचे होते. म्हणून मी बायबल आणि आपल्या ख्रिस्ती इतिहासाची पुस्तके पुन्हा उघडली. आपली मुले काही परदेशी शिकायला गेलेली पहिली मुले नाहीत. जे आधी गेले, त्यांच्या मनात कोणती भाषा होती?

मनातले बोलणे कागदावर उतरत नाही, पण त्याच्या खुणा मागे राहतात. त्या खुणा शोधत शोधत हा लेख लिहिला आहे.

आतला आवाज येतो कुठून?

आधी एक साधी गोष्ट पाहू. लेव्ह विगोत्स्की नावाचे एक रशियन मानसशास्त्रज्ञ होते. विचार आणि भाषा यांच्यावरचे त्यांचे पुस्तक १९३४ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलत असते, "आता हे इथे ठेवायचं, आता हे पडलं," असे. विगोत्स्कींचे म्हणणे असे की हे बोलणे थांबत नाही, मूल शाळेच्या वयाचे होता होता ते हळूहळू आत जाते. त्याचे शब्द कमी होतात, वाक्ये तुटक होतात, आणि त्यालाच आपण मनातले बोलणे म्हणतो.

याचा अर्थ जरा थांबून लक्षात घ्या. मनातली भाषा आपण एकट्याने घडवलेली नसते. कुणीतरी आधी आपल्याशी बोललेले असते. आईने, आजीने, शिक्षकांनी बोललेले शब्दच आत जाऊन आपले होतात. म्हणून माणसाच्या भोवतालची माणसे बदलली की आतला आवाजही हळूहळू बदलतो. बेळगावात वाढलेल्या मुलाला हे नवे नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात कानडी आणि आजोळी कोंकणी असा त्याचा दिवस असतो. परदेशी गेल्यावर एक गोष्ट मात्र नवी होते. दिवसभर कानावर एकच भाषा पडत राहते, आणि घरची भाषा फोनपुरती उरते.

बाबेलमधले विद्यार्थी

बायबलमधले परदेशी शिकायला गेलेले सगळ्यांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे दानीएल आणि त्याचे तीन मित्र. ते स्वखुशीने गेले नव्हते, त्यांना यहुदातून धरून नेले होते. राजाने त्यांच्यासाठी अभ्यासक्रम ठरवला तो तीन वर्षांचा, आणि विषय होता खास्द्यांची विद्या आणि त्यांची भाषा (दानीएल १:४-५). त्यांची नावेसुद्धा बदलली. दानीएलाचे झाले बेल्टशस्सर. म्हणजे वर्गात हजेरी घेतानाही कानावर परके नाव पडत होते.

दानीएलाने काय केले? राजाच्या मेजवानीतले अन्न त्याने नाकारले, हे आपण मुलांना नेहमी शिकवतो. पण त्याने भाषा नाकारली नाही, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तो खास्द्यांची भाषा शिकला आणि तिच्यात सगळ्यांपेक्षा हुशार निघाला. अन्नाच्या बाबतीत त्याने सीमा आखली, पण भाषेच्या बाबतीत आखली नाही.

याची खूण त्या पुस्तकातच आहे. दानीएलाचे पुस्तक इब्री भाषेत सुरू होते. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात खास्दी ज्ञानी लोक राजाशी अरामी भाषेत बोलू लागतात, आणि तिथून पुस्तकच अरामी होते. सातवा अध्याय संपेपर्यंत अरामीच चालते आणि आठव्यात पुन्हा इब्री येते. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये याच पुस्तकाचे आणखी काही भाग आहेत, ते ग्रीक भाषेतून आपल्यापर्यंत आले. एकाच पवित्र पुस्तकात तीन भाषा! जो देव आपले वचन तीन भाषांत येऊ देतो, त्याला विद्यार्थ्याच्या मनातल्या दोन-तीन भाषांची अडचण का व्हावी?

तरी दानीएलाने एक गोष्ट सोडली नाही. सहाव्या अध्यायात तो म्हातारा झालेला आहे, परक्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तरी त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमच्या दिशेने उघड्या आहेत. दिवसातून तीन वेळा तो गुडघे टेकतो (६:१०). तो कोणत्या भाषेत प्रार्थना करत होता, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. खिडकी कोणत्या दिशेला उघडी होती, ते मात्र सांगते.

दमास्कसच्या वाटेवरचा आवाज

दुसरा विद्यार्थी म्हणजे तार्सचा शौल. किलिकियातल्या ग्रीक बोलणाऱ्या शहरात त्याचा जन्म झाला आणि यरुशलेमात गमलिएलाच्या पायांशी बसून तो शिकला (प्रेषितांची कृत्ये २२:३). तो दोन्ही भाषांत सारखाच वावरत असे, हे एका प्रसंगात फार सुंदर दिसते. यरुशलेमात त्याला अटक होते. तो रोमी सरदाराशी ग्रीक बोलतो, आणि सरदार चकित होतो. लगेच पुढच्या क्षणी तो पायऱ्यांवर उभा राहून जमावाशी इब्री भाषेत बोलू लागतो, आणि जमाव अधिकच शांत होतो (२१:३७ ते २२:२). एका श्वासात दोन भाषा. आपल्यापैकी कितीतरी जण रोज बसस्टँडवर हेच करतात.

पण खरी खूण पुढे आहे. पौलाच्या परिवर्तनाची हकिगत प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येते, नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायांत. तिसऱ्या वेळी, अग्रिप्पा राजासमोर, पौल एक जादा गोष्ट सांगतो. वाटेवरचा तो आवाज आपल्याशी इब्री भाषेत बोलला, असे तो म्हणतो (२६:१४). अभ्यासकांच्या मते ही त्या काळची घरगुती अरामी असावी. मूळ ग्रीक मजकुरात त्या आवाजाने मारलेली हाकही त्याच्या ग्रीक वळणाच्या नावाने नाही, ती घरच्या वळणाने, "शौला, शौला" अशी आहे.

पौलाने आपली सगळी पत्रे ग्रीकमध्ये लिहिली. विचार, वाद, तर्क, उपदेश सगळे ग्रीकमध्ये. पण ज्या क्षणी त्याचे आयुष्य उलटे झाले, तो क्षण त्याच्या आत घरच्या भाषेत जपलेला होता. रोमकरांस पत्रात (८:१५) आणि गलतीकरांस पत्रात (४:६) पित्याला हाक मारण्याची वेळ येते, तेव्हाही तो ग्रीक वाक्याच्या मधोमध अरामी शब्द तसाच ठेवतो, अब्बा.

ना ग्रीक, ना लॅटिन

संत ऑगस्टीन हेही घर सोडून शिकायला गेलेलेच. त्यांचा जन्म इ. स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या थागास्त गावी, आजच्या अल्जीरियात झाला. शिक्षणासाठी ते आधी मदौराला, मग कार्थेजला गेले, आणि पुढे शिक्षक होऊन रोम आणि मिलानला. आपल्या आत्मकथनाच्या पहिल्या भागात त्यांनी दोन भाषांची तुलना केली आहे. लॅटिन त्यांना दाया आणि घरची माणसे यांच्या लाडाकोडात, हसतखेळत आली. ग्रीक छडीच्या धाकाने शिकवली गेली आणि तिची नावड कायम राहिली. भाषेबरोबर ती शिकवणाऱ्याचा हातही मनात राहतो, हे किती खरे आहे! मिलानमध्ये शिकवत असतानाही इटलीतले लोक त्यांच्या आफ्रिकी उच्चारांना नावे ठेवत, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

याच ऑगस्टीननी पवित्र त्रैक्यावरच्या ग्रंथाच्या पंधराव्या भागात आपल्या प्रश्नालाच हात घातला आहे. ते म्हणतात त्याचा आशय असा: आपण जे जाणतो, त्यातून हृदयात एक शब्द जन्मतो. तो शब्द ग्रीक नसतो, लॅटिन नसतो, कुठल्याच भाषेचा नसतो. दुसऱ्याला सांगायची वेळ आली की मग त्याला भाषेचे वस्त्र चढते. त्या आईला सांगावेसे वाटते, ताई, तुमच्या मुलाच्या इंग्रजी शब्दांच्याही आत एक जागा आहे, आणि तिथे तुम्ही मांडीवर घेऊन जे पेरले ते आहे.

पण हे झाले तत्त्व. ते आयुष्यात कसे दिसते, हे पाहायला आपल्याच भाषेत एक मोठे उदाहरण आहे.

रमाबाईंच्या सहा पायऱ्या

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथे झाला, तो मुलूख आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. आईने पहाटे उठवून त्यांना संस्कृत शिकवले, आणि भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच पाठ झाले. घरात मराठी होती. आईवडील ती शुद्ध बोलत म्हणून रमाबाईंना ती व्याकरण न शिकता आली. कुटुंब पुराण सांगत देशभर फिरत असे, त्या पायपिटीत कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगालीही आली. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. राहिलेली दोन भावंडे चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली.

आता बायबल त्यांच्याकडे कोणकोणत्या भाषांतून आले ते पाहा.

पहिली पायरी संस्कृतची. कलकत्त्याच्या एका ख्रिस्ती मेळाव्यात कुणीतरी त्यांना संस्कृत बायबल दिले. संस्कृत म्हणजे त्यांची सर्वांत भक्कम भाषा. पण ते संस्कृत त्यांनी शिकलेल्या ग्रंथांच्या संस्कृतापेक्षा इतके निराळे वाटले की वाचन पुढे सरकेना. तरी त्यांनी ते पुस्तक टाकले नाही.

दुसरी पायरी बंगालीची. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न होऊन त्या आसामात सिलचरला राहत होत्या. तिथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली पुस्तिका सापडली. ती त्यांनी वाचली आणि ती त्यांना आवडली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. रमाबाई तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्याला आल्या, आणि तिथे तिसरी पायरी आली, मराठी नवा करार. त्या इंग्रजी शिकत होत्या आणि नवा करार अभ्यासत होत्या. 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले आणि एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे, हा हेतू होता. सोबत दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत.

इंग्लंडात त्या वाँटेज इथल्या सिस्टरांच्या मठात उतरल्या. याच सिस्टर पुण्यात मिशनचे काम करत. करार असा झाला की रमाबाईंनी सिस्टरांना मराठी शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी शिकायचे. परक्या देशात त्यांची घरची भाषा अशी त्यांच्या पोटापाण्याची भाषा झाली! त्याच वर्षी आनंदीबाई भगत यांचा दुर्दैवी मृत्यू झाला. जिच्याशी घरच्यासारखे बोलावे अशी सोबतीण गेली. वैद्यकीय शिक्षणही राहिले, कारण रमाबाईंना ऐकू कमी येत होते आणि तो दोष वाढत गेला. परकी भाषा शिकायची आणि कान साथ देत नाहीत, ही काय परिस्थिती असेल! ज्याला बाहेरचे कमी ऐकू येते, त्याला आतले अधिक ऐकू येत असेल का? मला तसे वाटते.

त्या दिवसांत सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातली आपली संस्था दाखवली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळत असत. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची गोष्ट, वाचून दाखवली. असा तारणारा आपल्या शास्त्रांत आपल्याला भेटला नव्हता, हे त्यांच्या मनाने घेतले. भारतातून फादर नहेम्या गोरे यांचे लिखाणही त्यांना पोचत होते. गोरे हे काशीत शास्त्र शिकलेले मराठी ब्राह्मण, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. सिस्टरांशी वाद घालणाऱ्या रमाबाईंचे मन गोऱ्यांच्या नम्र शब्दांपुढे वितळले, असे त्यांनीच पुढे सांगितले. शास्त्र्याच्या मुलीला शास्त्र्याच्याच रीतीने समजावणारे कुणीतरी हवे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. चौथी पायरी म्हणजे इंग्रजी, अशी त्यांच्या आयुष्यात पक्की झाली.

पुढे त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात विद्यार्थिनी झाल्या आणि तिथेच संस्कृत शिकवूही लागल्या. या काळातली त्यांची पत्रे इंग्रजीत आहेत. त्यांत एक प्रसंग असा आहे की तो वाचताना मी उठून बसले. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत, असे त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेरल्डिन यांचे म्हणणे होते. रमाबाईंनी कळवले की क्रूस घालायचाच आणि त्यावर काही कोरायचेच, तर ते संस्कृत असावे. लॅटिन मला कळत नाही आणि माझ्या देशालाही कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. ब्राह्मणांना संस्कृत पवित्र वाटते, तसेच तुम्हाला लॅटिन वाटते का, असाही टोला त्यांनी दिला. आणि आपण संस्कृत मागतो ती देवांची भाषा म्हणून नव्हे, तर आपल्या मायदेशाची सर्वांत जुनी, सुंदर भाषा म्हणून, हेही स्पष्ट केले.

पाहा, हे सगळे त्यांनी चांगल्या इंग्रजीत लिहिले! त्यांना इंग्रजीचा तिटकारा नव्हता. छातीवर, हृदयाच्या अगदी जवळ जे टेकणार होते, ते मात्र आपल्याला कळणारे असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची दुःखे जगापुढे मांडली. पण इंग्लंडचा प्रवास त्यांनी मराठीत लिहून धाडला होता, आणि अमेरिकेवरचे पुस्तकही १८८९ साली मराठीतच आले. जगाला आपल्या बहिणींचे दुःख सांगायचे तेव्हा इंग्रजी, आपल्या बहिणींना जग दाखवायचे तेव्हा मराठी. कोणासाठी बोलायचे, यावर भाषा ठरत होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाही तर ही केवळ मायबोलीची स्तुती होईल. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः अजून भेटायचा आहे. ही जाणीव त्यांना विल्यम हॅसलम यांच्या एका पुस्तकामुळे झाली, आणि ते पुस्तक इंग्रजी होते. तोवर त्या भारतात परतल्या होत्या, मुंबईत ११ मार्च १८८९ ला शारदा सदन सुरू केले होते, ते पुण्यालाही हलवले होते. चहूकडे मराठी असताना त्यांच्या आत्म्याचे दार इंग्रजी पुस्तकाने ठोठावले. देव कोणत्या भाषेतून आत येईल, हे आपण ठरवत नाही.

आणि मग पाचवी आणि सहावी पायरी. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून, वैधव्यातून, रस्त्यावरून आलेल्या शेकडो मुली होत्या. रमाबाईंना दिसले की हातात असलेल्या मराठी बायबलातले संस्कृतप्रचुर शब्द या मुलींना कळत नाहीत. तेव्हा पन्नाशीच्या आसपास असलेली ही बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. कान जवळजवळ गेलेले, शेकडो मुलींचा संसार अंगावर, आणि त्यात त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या, मुळातून भाषांतर करता यावे म्हणून. जिने पहाटेच्या अंधारात आईकडून संस्कृत घेतले, जिला 'सरस्वती' ही पदवी मिळाली, ती पंडिता बायबलात संस्कृत शब्द टाळून साधा, घरगुती मराठी शब्द शोधत बसली. टाइप जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीच्याच स्त्रियांनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

संस्कृत, बंगाली, मराठी, इंग्रजी, इब्री, ग्रीक. या सहा पायऱ्या चढून त्या पोचल्या कुठे? परत मराठीतच. पण ही निघतानाची मराठी नव्हती. ही त्यांनी केडगावच्या मुलींकडून घेतलेली मराठी होती. विगोत्स्की म्हणतात तसे, भोवतालची माणसे बदलली आणि आतला आवाज बदलला. या वेळी मात्र भोवतालची माणसे रमाबाईंनी स्वतः निवडली होती.

उलट दिशेचा विद्यार्थी

जाता जाता आपल्या गोव्याच्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण करायला हवी. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात जन्मलेला हा तरुण रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पुढची सुमारे चाळीस वर्षे, मरेपर्यंत, तो इथेच राहिला. १५८३ साली भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असे त्याने नोंदवले. १६१६ साली रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण छापले गेले, सुमारे ११,००० ओव्यांचे. देवनागरी टाइप नव्हता, म्हणून रोमन अक्षरांत मराठी छापली.

जन्माची भाषा इंग्रजी, शिक्षणाची लॅटिन, कारभाराची पोर्तुगीज. आणि शुभवर्तमान सांगताना मात्र ओवीमागून ओवी मराठी! एवढी कविता शब्दकोश पुढे ठेवून होत नाही, त्यासाठी भाषा मनात वाहावी लागते. त्याच्या इंग्लंडातल्या आईला कुणी सांगितले असते की तुमचा मुलगा आता मनातल्या मनात परक्या भाषेत बोलतो, तर तीही रडली असती. पण त्याच परक्या भाषेमुळे गोव्याच्या कितीतरी आयांनी आपल्या लेकरांना प्रभूची कथा आपल्या बोलीत सांगितली. एका आईचे जे हरवले वाटते, ते देव दुसऱ्या आईच्या पदरात घालतो.

त्या आईला

दोन रविवारांनी त्या बाई पुन्हा भेटल्या. हे सगळे मी त्यांना थोडक्यात सांगितले. त्या ऐकत होत्या, मग हसल्या. म्हणाल्या, "काल तो सांगत होता, कुकरच्या शिट्ट्या अजून मराठीतच मोजतो म्हणून."

ते ऐकून मलाही हसू आले आणि मनातला एक धागा जुळला. मुलाच्या आत एकच भाषा राहत नाही. परीक्षा इंग्रजीत राहते, बसचे तिकीट जर्मनमध्ये, आणि आमटी-भात आईच्या भाषेत, कारण तो आईने शिकवला. ज्याने जे शिकवले, ते त्याच्या भाषेत राहते. तर मग एक करता येईल. तू इंग्लिशमध्ये का प्रार्थना करतोस, असे त्याला विचारू नका. त्याला अपराधी वाटेल, आणि अपराधी वाटले की माणूस प्रार्थनाच सोडतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फोनवर त्याच्यासोबत मराठीत प्रार्थना करा. एकच दहाका किंवा एकच स्तोत्र पुरे. त्याला उपदेश नको, आवाज हवा आहे. आतली भाषा आवाजानेच जिवंत राहते.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणी लंडनला, दुबईला, टोरांटोला किंवा नुसते हैदराबादला असाल, तर घाबरू नका. मनात जी भाषा येते, तिच्यात प्रभूशी बोला. पण दानीएलासारखी एक खिडकी उघडी ठेवा. आणि कधी दुःख इतके खोल असेल की कुठल्याच भाषेत शब्द सापडणार नाहीत, तर रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडून सव्विसावे वचन वाचा. तिथे पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी शब्दांवाचून विनवणी करतो, असे पौल सांगतो. ऑगस्टीनना सापडलेली ती जागा हीच असावी, जिथे ग्रीक नाही, लॅटिन नाही, मराठी नाही, आणि तरी कुणीतरी ऐकत आहे.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू नासरेथच्या घरात आईच्या भाषेत बोलायला शिकलास, आणि वधस्तंभावर त्याच भाषेत पित्याला हाक मारलीस. आमची जी लेकरे दूर देशी शिकत आहेत, त्यांच्या आतल्या आवाजाशी तू बोल. त्यांना नव्या भाषेचे धैर्य दे आणि जुन्या भाषेची माया दे. त्यांच्या आयांचे मन शांत कर. आणि आम्हा सर्वांना, पंडिता रमाबाईंसारखे, शेजाऱ्याला कळेल अशा शब्दांत तुझे प्रेम सांगायला शिकव. आमेन.